खडूच्या रेघेखालचा दिवा

मिस्त्रींच्या सायकल दुकानासमोर एका बंद गोदामाची लांबच लांब भिंत होती. त्या भिंतीवर कमरेइतक्या उंचीला खडूनं ओढलेली एक आडवी रेघ होती. पावसानं पुसली, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पाठीला लागून गेली, तरी दर सोमवारी मिस्त्री दोरी धरून ती पुन्हा ओढायचे. सायकलला नवा दिवा बसवला की सायकल भिंतीपासून दहा पावलांवर उभी करायची, दिवा लावायचा आणि उजेडाचा गोळा रेघेखाली उतरेपर्यंत दिव्याची मान वाकवायची. उजेड रेघेच्या बोटभर जरी वर राहिला, तरी गिऱ्हाइकाला सायकल मिळायची नाही. मग तो कितीही घाईत असो, नाहीतर कितीही मोठा असो.

"दिसायचं, पण खुपायचं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "समोरच्या ड्रायव्हरला आपण दिसलो पाहिजे. पण त्याच्या डोळ्यात खुपलो, की तो आधी शिवी देतो आणि मग आंधळा होतो. आंधळ्याच्या समोरून कुठं जाता राव?"

लुकलुकणारा दिवा म्हटलं की त्यांचं डोकंच फिरायचं. "तो काय दिवा आहे? येणाऱ्याजाणाऱ्याला डोळा मारतोय नुसता," असं म्हणून ते गिऱ्हाइकांना हसवायचे. त्यांचं म्हणणं अगदीच काही खोटं नव्हतं. एकसारख्या जळणाऱ्या दिव्यावरून सायकल किती लांब आहे त्याचा अंदाज येतो. लुकलुकणारा आत्ता इथं दिसतो, पुढच्या क्षणी कुठं असेल कळत नाही, आणि त्यात तो झगझगीत असला तर समोरचा वैतागतो. ड्रायव्हर मंडळी मिस्त्रींवर बेहद्द खूष असायची. बसवाले दुकानासमोरून जाताना हलकेच हॉर्न वाजवून जायचे आणि मिस्त्री हातातला पाना वर करायचे. त्या एका हॉर्नवर गडी दिवसभर खुशीत असायचा. कुणाला कशाची नशा, कुणाला कशाची. यांना लोकांनी चांगलं म्हणण्याची होती.

आणि दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो असा, की ह्या मिस्त्रींची एकुलती एक लेकच लुकलुकता दिवा लावून हिंडायची.

तिला घरात भिंगरी म्हणायचे. का, ते सांगायला नकोच. पाय एका जागी ठरतील तर शपथ. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. हात बापाचा होता. काच अशी बसवायची की केसाएवढीही फट राहायची नाही. डोळ्यांबद्दल तिला बापापेक्षा चार गोष्टी जास्त कळायच्या आणि त्या चारही ती रोज जेवताना ऐकवायची.

"बाबा, अंधाऱ्या रस्त्यावर तुमचं बरोबर आहे," ती म्हणायची. "पण दिवेलागणीला बाजाराच्या रस्त्यावर शंभर दिवे असतात. दुकानांचे, खांबांचे, गाड्यांचे. त्यात माझा एवढासा एक. कोण बघतंय त्याच्याकडं? डोळ्याला बदलणारी गोष्ट आधी दिसते."

"आणि अंतर? अंतर कसं कळणार तुझ्या टिकटिकीतून?"

"म्हणून तर दोन दिवे लावायचे. वरचा एकसारखा जळणारा, अंतर कळायला. खालचा लुकलुकता, लक्ष जायला. हळूहळू लुकलुकणारा हं, सर्कशीतला नाही."

"बघितलंस? बापाला शिकवते," मिस्त्री बायकोकडं वळून म्हणायचे.

"मग शिका की!" बायको घरी कपडे शिवायची; दोऱ्याचं टोक दातांनी तोडत ती म्हणायची, "मला तर तिचं पटतं. भिंगरे, तू लुकलुकता लावूनच येत जा गं. यांचे ड्रायव्हर रागावले तर रागावू देत."

दोघींपुढं एकट्याचं काय चालणार? मिस्त्रींनी शेवटी स्वतःच्या हातानं जोडणी करून दिली. एक दिवा हँडलवर, दुसरा खाली पुढच्या फोर्कवर, आणि हँडलच्या मुठीशी एकच पितळी खटका. खटका आपल्याकडं ओढला की फक्त वरचा दिवा. पुढं ढकलला की दोन्ही, वरचा एकसारखा आणि खालचा लुकलुकत. पुढं टोपली असल्यामुळं खालचा दिवा चालवणारीला स्वतःला दिसायचा नाही. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा.

रोज संध्याकाळी चष्म्याचं दुकान बंद झालं की भिंगरी आईला फोन करायची.

"निघते गं."

"लुकलुकता लाव."

"हो आई, लावला."

एवढंच बोलणं, पण ते झाल्याशिवाय आईचं मशीन पुढं सरकायचं नाही.

एके दिवशी दुपारी बसचा एक मिशाळ ड्रायव्हर, मिस्त्रींचा जुना दोस्त, दुकानात टेकायला आला. चार गिऱ्हाइकांदेखत तो म्हणाला, "काय मिस्त्री, सगळ्या रस्त्याच्या माना वाकवल्यात तुम्ही, आणि तुमचीच पोरगी आमच्या डोळ्यांत टिकटिक करत येते. आधी घरचं बघा की राव!"

बोलला तो हसत. गिऱ्हाइकंही हसली आणि मिस्त्रीही हसले. पण आतून त्यांना असं लागलं की संध्याकाळपर्यंत हातातलं काम नीट होईना. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार कुणाला? वीस वर्षं ओढलेली रेघ त्यांच्याच पोरीनं पुसल्यासारखं वाटलं त्यांना.

दुसऱ्या दिवशी भिंगरीला सुट्टी होती. "चेनला तेल घालतो," असं सांगून मिस्त्रींनी तिची सायकल दुकानात नेली आणि खालच्या दिव्याचं मागचं झाकण उघडलं. दिव्याला लुकलुकवणारी नखाएवढी चकती असते. तिच्या दोन टोकांवर मिळून त्यांनी सोल्डरचा, म्हणजे वितळवलेल्या कथलाचा, एक थेंब टाकला. मिस्त्रींचा बाप भांडी सांधायचा, त्यामुळं त्यांच्या घरात ह्या थेंबाला डाग म्हणत. भांड्याला डाग दिला की गळती बंद. इथं डाग दिला आणि लुकलुक बंद. आता खटका पुढं ढकलला तरी खालचा दिवा शहाण्यासारखा एकसारखा जळणार होता, आणि टोपलीआड असल्यामुळं भिंगरीला त्याचा पत्ताही लागणार नव्हता.

सांगायचं मात्र राहून गेलं. आज सांगू, उद्या सांगू. तुम्ही म्हणाल, सांगायला काय धाड भरली होती? लेक चिडली असती, बायको बोलली असती, बस. पण दोघींसमोर कबूल करावं लागलं असतं, की चार लोक हसले म्हणून केलं. ते मिस्त्रींच्या जिभेवर येईना.

त्यानंतर दोन दिवसांनी जेवताना भिंगरीच म्हणाली, "बाबा, मिशाळकाका रागावलेत म्हणे माझ्यावर? दुकानात आले होते चष्मा घ्यायला, तेव्हा म्हणाले. तुम्ही काळजी करू नका. मी सोय केलीये. आता कुणाची तक्रार आली तर नाव बदलेन."

मिस्त्रींचा घास तोंडातच राहिला. "कसली सोय?"

"ते माझं गुपित."

सोय तर आपणच केलीये, असं मनाशी म्हणत मिस्त्रींनी घास गिळला. सांगायची ती शेवटची संधी होती. मूग गिळून बसले.

आणखी दोन दिवसांनी, संध्याकाळी साडेसहाला, बाजाराच्या चौकात दुधाची गाडी उजवीकडं वळली आणि समोरून सरळ येणारी भिंगरी तिच्याखाली गेली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर पळून गेला नाही. चौकीत बसून लहान मुलासारखा रडत होता. "दिवा होता साहेब, नव्हता असं मी म्हणत नाही. पण पोरीच्या मागून बस येत होती, बसच्या दिव्यांत मिसळून गेला. मला वाटलं, बसचाच एखादा दिवा. मला वाटलं, लांब आहे."

भिंगरीची आई तिथंच भिंतीला टेकून बसली होती. तिनं विचारलं, "लुकलुकत नव्हता?"

"नाही हो बाई. लुकलुकत असता तर कळलंच असतं ना मला."

मिस्त्री शेजारी उभे होते.

आता दुःख कुणाला चुकलंय? पोटचं पोर गेलं की आई रडते, पडते, कधीतरी उठते. पण भिंगरीच्या आईचं तसं झालं नाही. तिच्या मनात एकच गोष्ट जाऊन बसली. त्या संध्याकाळीही फोन आला होता. "निघते गं." "लुकलुकता लाव." "हो आई, लावला." आणि ड्रायव्हर तर रडत सांगत होता की नव्हता. म्हणजे पोरगी खोटं बोलली.

"रोजच खोटं बोलत असेल," ती म्हणायची. "आईचं तोंड बंद करायला नुसतं हो म्हणायचं. मी इथं वेड्यासारखी तिच्या शब्दावर विसंबून. शेवटचं बोलली माझ्याशी, तेही खोटं. असं कसं केलंस गं? आईला फसवून गेलीस?"

हे एकदा नाही, दिवसातून दहादा. भाजी चिरताना, मशीनवर, कपडे वाळत घालताना. भिंगरीचा फोटो तिनं कपाटात पालथा घालून ठेवला. शेजारच्या बाईनं एकदा तिची आठवण काढली, "किती गुणी पोर होती हो," तर ही फटकन म्हणाली, "गुणी कसली? खोटारडी होती." आणि मग मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडली. रडायचं तर पोरीसाठी, पण रागावल्याशिवाय तिला रडताच येईना.

आणि मिस्त्री ऐकत राहिले. सायकल चौकीतून परत आली तेव्हा मागचं चाक पार वाकलं होतं. पुढचं तसंच्या तसं होतं. पितळी खटका पुढं ढकललेला होता. टोपलीखाली वाकून त्यांनी फोर्कवरचा दिवा बघितला, तर पुढची काच तेवढी काढून तिच्यावर आतून पातळ पांढरा कागद लावलेला होता. चष्म्याच्या काचेसारखा काटेकोर गोल कापलेला, कडेला केसाएवढीही फट नाही. उजेड मऊ व्हावा, कुणाच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून. ती होती तिची सोय. मिस्त्रींनी सायकलवर गोणपाट टाकलं आणि ती दुकानाच्या मागच्या बाजूला ढकलली.

सहा महिने त्यांनी तोंड उघडलं नाही. दिवसा काम करायचे, रेघ मात्र ओढेनात. ती पुसत पुसत गेली. मिशाळ ड्रायव्हर एकदा येऊन रडला, "मी बोललो नसतो तर तिनं लुकलुकता बंद ठेवला नसता..." "तुमचा काय दोष?" मिस्त्री म्हणाले, आणि ते खरंच होतं. घरी बायको म्हणायची, "खोटारडी." प्रत्येक वेळी मिस्त्रींना वाटायचं, आता सांगावं. प्रत्येक वेळी वाटायचं, पोर तर गेलीच, आता हीसुद्धा जाईल. स्वतःची बायको राखायला त्यांनी मेलेल्या लेकीला खोटं पाडलं होतं. दुसऱ्या शब्दांत ते सांगता येत नाही.

मग एका संध्याकाळी चष्म्याच्या दुकानातली भिंगरीची मैत्रीण घरी आली. हातात एक डबी.

"काकू, तिचा ड्रॉवर आवरला आज. हे तुमच्यासाठी होतं. तुमच्या नंबरचा चष्मा. तिनंच काचा घासल्यात. तुम्हाला सुईत दोरा ओवायला त्रास होतो म्हणून चालला होता तिचा उद्योग. फ्रेम यायची राहिली होती, ती मागाहून आली. बसवून आणलाय."

भिंगरीच्या आईनं डबीला हातही लावला नाही.

"घेऊन जा बाई."

"अहो काकू, पण..."

"खोटारडीची वस्तू नको मला. तिनं खरंच काही केलं असेल यावर माझा आता विश्वास नाही. घेऊन जा."

मुलीचा चेहरा पडला. तिनं एकदा काकूंकडं बघितलं, एकदा काकांकडं. मिस्त्रींनी उठून डबी तिच्या हातातून घेतली, "तू जा बाळा," म्हणाले, डबी मशीनवर ठेवली आणि दार लोटून घेतलं. मग मागच्या वाटेनं दुकानात गेले. गोणपाट काढलं, वाकलेल्या चाकाची सायकल खांद्यावर घेतली आणि घरात आणून बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी, मशीनला टेकवून उभी केली.

"हे काय आणलंत?" बायको ओरडली. "न्या ते! मला बघवत नाही!"

"बघ. तुला बघावंच लागेल." मिस्त्री खटक्याकडं बोट करून म्हणाले. "हा खटका बघ. पुढं आहे. चौकीतून आली तेव्हापासून मी हात लावलेला नाही. तिनं पुढं ढकलला होता. तिनं लावला होता."

"मग लुकलुकत का नव्हता?"

"मी डाग दिला होता."

तिला कळलंच नाही. "कशाला डाग?"

"दिव्याला. आतून. चार दिवस आधी. तेल घालतो म्हणून नेली ना सायकल, तेव्हा. मिशाळ दुकानात हसला माझ्यावर, लोक हसले. मी लुकलुक बंद केली. तिला सांगितलं नाही. खालचा दिवा तिला दिसत नव्हता. तिनं खटका पुढं ढकलला, तिला वाटलं लागला. तुला म्हणाली लावला. अगं, ती खरं बोलली तुझ्याशी. रोज खरं बोलली."

भिंगरीच्या आईचा चेहरा उजळला, आणि मिस्त्रींनी सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यावर आनंद बघितला. हो, आनंदच. तो बघायचं त्यांच्या नशिबी होतं.

"खोटं नाही बोलली?" ती पुटपुटली. "म्हणजे माझी पोर खोटं नाही बोलली?"

"नाही."

"दाखवा. कुठं आहे तो डाग?"

मिस्त्रींनी दिव्याचं मागचं झाकण उघडलं. ती वाकली, डोळे बारीक केले, पुन्हा वाकली. तिला काही दिसेना. तिनं आजूबाजूला बघितलं, मशीनवर ठेवलेली डबी उचलली, उघडली आणि भिंगरीनं केलेला चष्मा डोळ्यांवर चढवला. मग पुन्हा वाकून बघितलं. मोहरीच्या दाण्याएवढा, चकचकीत, गुळगुळीत थेंब. चांगल्या कारागिराच्या हाताचा.

"काढा तो," ती म्हणाली.

मिस्त्रींनी दुकानातून डाग द्यायची सळई आणून गरम केली. दोनदा नेम चुकला. तिसऱ्यांदा थेंब वितळला आणि कापसावर निघून आला. तेवढ्या एकाच दिव्यात नवे सेल घातले, झाकण बसवलं. खटका पुढंच होता. खालचा दिवा लागला, विझला, लागला. हळूहळू, सर्कशीतला नाही. तिनं कापलेल्या गोल कागदातून उजेड असा मऊ येत होता, की तान्ह्या बाळाच्या डोळ्यांवर धरला असता तरी ते रडलं नसतं.

बायको जमिनीवर बसली. दिव्यापुढं तळहात धरला. "लावला होतास गं," ती म्हणू लागली. "लावला होतास. मी मेली तुला काय काय बोलले. सगळ्यांना सांगत सुटले. लावला होतास माझ्या बाई."

मिस्त्री तिच्या खांद्यावर हात ठेवायला वाकले. तिनं मान वळवून नव्या चष्म्यातून त्यांच्याकडं बघितलं आणि त्यांचा हात तसाच हवेत राहिला.

"तुम्ही म्हणायचात ना, दिसायचं पण खुपायचं नाही," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुम्ही मला नुसते दिसलात तरी खुपाल आता. बाहेर जा."

"अगं..."

"सहा महिने माझ्या तोंडून तिला खोटारडी म्हणवलंत. जा म्हणते ना."

मिस्त्री बाहेर आले. मागं कडी लागली. दिवेलागणीची वेळ होती, रस्त्यावर गर्दी होती, कामावरून सुटलेली माणसं सायकली हाकत घरी चालली होती. कुठं जायचं ते त्यांना सुचेना. रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर गेले आणि खांबाला धरून उभे राहिले.

दुकानांचे दिवे लागले होते, खांबांचे लागले होते, गाड्यांचे येत होते, जात होते. त्या सगळ्या झगमगाटात त्यांच्या घराच्या खिडकीत एक लहानसा दिवा लुकलुकत होता. मिस्त्रींनी वीस वर्षांच्या सवयीनं आधी तोच बघितला. इतक्या दिव्यांत पहिला तोच दिसत होता, आणि डोळ्यांना जराही खुपत नव्हता.